नऊच्या ठोक्याला

तुम्ही कचारगड पाहिला आहे का? नसला, तरी संकोचू नका. गोंदियात वीस वर्षे संसार करून आम्हीही यंदाच्या माघातच प्रथम तिथे गेलो, आणि तेसुद्धा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फारच गळ घातली म्हणून. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर, गोंदियाच्या पूर्वेला, सालेकसा ओलांडले की दरेकसा नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. तिथून पुढे धनेगाव, आणि धनेगावच्या वर डोंगरात ती अजस्र गुहा. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिथे गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून तर येतातच, पण मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण असे चहूकडून लोक लोटतात. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडे, ढोलांचा गजर, आणि भेटेल त्याच्या तोंडी "जय सेवा!" मराठीची प्राध्यापिका म्हणून मी आजवर लोकसाहित्य पुष्कळ शिकवले, लोक पाहायचे मात्र राहूनच गेले होते.

या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, बाईंनी यंदा प्रवासवर्णन काढले. तसे नाही. मला सांगायचे आहे ते आमच्या घरातल्या इंटरनेटविषयी. पण त्याची वाट कचारगडावरून जाते, त्याला माझा इलाज नाही.

सासूबाईंचे वय ७८. डोंगर चढणे त्यांना शक्य नव्हते. त्या आणि आमचे 'हे' खाली धनेगावात मांडवाच्या सावलीला बसले आणि मी विद्यार्थ्याबरोबर वर निघाले. निम्म्या वाटेत आठवले, आईंच्या गोळ्यांची डबी माझ्याच पिशवीत राहिली आहे! ह्यांना फोन लावला. पडद्यावर रेघा पुऱ्या चार, आणि फोन काही लागेना. दहा वेळा लावून झाला. विद्यार्थी हसू लागला. माझ्याकडे बी. ए.ला असताना हा मुलगा शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहायचा. आता गोंदियात घरोघर इंटरनेटच्या तारा जोडण्याचे काम करतो आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

"मॅडम, टॉवर चांगला आहे," तो म्हणाला, "पण हजारो माणसं एकाच वेळी बोलून राहिली. रस्ता आहे, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही."

गुहेत शिरलो तशा त्या चार रेघाही एकेक करून मावळल्या. वर कातळ, भोवती कातळ; फोनच्या लहरी तिथे काय शिरणार! त्या गार अंधारात त्याने मला तिथली कथा सांगितली. ती निरनिराळ्या रूपांनी सांगतात, त्याने आपल्या आजीकडून ऐकली ती अशी. काली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली आणि गुहेच्या तोंडाशी भला मोठा दगड लावला गेला. त्यांना सोडवायला पारी कुपार लिंगो आले, आणि त्यांच्याबरोबर हिरासुका पाटालीर नावाचा वादक आला. त्याने बाहेर बसून किंगरी वाजवली. ते सूर दगडापलीकडे मुलांच्या कानी गेले, त्यांच्या अंगात बळ आले, सगळ्यांनी मिळून जोर केला आणि दगड हलला. मुले सुटली, पण हिरासुका त्या दगडाखाली सापडला, तो गेला.

खाली आल्यावर मी आईंना गोळ्या दिल्या आणि ही कथाही सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली. मला वाटले, आता वादकाबद्दल हळहळतील. पण त्या म्हणाल्या, "आतल्या पोरांना काय वाटलं असेल गं? बाहेर कोणी आपल्याला हाका मारतं आहे, हे त्यांना ठाऊक तरी होतं का? सगळे आपल्याला विसरले, असंच वाटलं असेल."

मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी मांडवाकडे पाहिले. त्या बोलण्याचा रोख आम्हां दोघांनाही बरोबर कळला होता.

त्याचे असे झाले. माझे धाकटे दीर पुण्याला असतात. सासरे गेल्यापासून रोज रात्री नऊच्या ठोक्याला आईंचा आणि भाऊजींचा फोन व्हायचा. नुसता आवाजाचा नव्हे, समोर चेहरा दिसणारा. आमच्या चिरंजीवांनी आईंना त्यासाठी एक टॅबलेट लावून दिला होता. नऊ वाजायच्या आधीच आई केसांवरून कंगवा फिरवून, चष्मा पुसून, खोलीत तयार बसत. नात शाळेतली गंमत सांगे, भाऊजी ऑफिसातली कटकट सांगत, जाऊबाई मधूनच भाजीची कढई कॅमेऱ्यापुढे धरून "बघा, तुमच्यासारखी झाली का?" विचारीत. अर्ध्या तासाने आई हसतमुखाने दूध पिऊन झोपायला जात.

गेल्या दिवाळीत सगळे गोंदियाला आले असताना गावाकडच्या धानाच्या शेताचा विषय निघाला. ह्यांचे म्हणणे, आता कसायला कोणी नाही, विकून टाकू. भाऊजींचे म्हणणे, बाबांनी राखलेली जमीन, विकायची नाही. आई म्हणाल्या, मोठा म्हणतो ते बरोबर आहे. आवाज थोडे चढले, फराळाची ताटे थोडी आपटली गेली; पण तेवढ्यावरच भागले, आणि भाऊबीज झाल्यावर मंडळी पुण्याला परतली. कोणत्या घरात असे होत नाही?

पण त्यानंतर फोन तुटू लागला. नऊला लागायचा, दोन-चार मिनिटे नीट चालायचा, आणि मग भाऊजींचा चेहरा तोंड अर्धवट उघडे ठेवून पडद्यावर थिजून जायचा. आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. मग फोन बंद. पुन्हा लावावा, तर पुन्हा तेच. पहिल्या आठवड्यात आई म्हणाल्या, "कामात असेल." दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "आता त्याला आईशी बोलायचा कंटाळा येत असेल, आणि काय!" पौषात तर एका रात्री नऊ वाजता खोलीतला दिवा बंद करून त्या निजल्या. मी हाक मारली, तर अंधारातूनच उत्तर आले, "आज नको लावू. तो कापतो ते बरं नाही वाटत."

खरे सांगायचे तर, हळूहळू ह्यांनाही तसेच वाटू लागले होते. नेमके शेताच्या बोलण्यानंतरच कसे सुरू झाले? मी एकदा भीत भीत जाऊबाईंना दुपारी फोन करून विचारले. तिने जरा गप्प राहून उत्तर दिले, "वहिनी, आम्हांला वाटलं, तुमच्याकडूनच बंद करतात." म्हणजे पाहा! इकडे आई समजत होत्या, धाकटा रुसला. तिकडे धाकट्याला वाटत होते, दादाने आईला आपल्याशी बोलू द्यायचे नाही असे ठरवले आहे.

उपाय केले नाहीत असे नाही. इंटरनेटवाल्यांकडे तक्रार नोंदवली. त्यांचा माणूस सकाळी अकराला आला, त्याने हॉलमध्ये उभे राहून वेग मोजला, तो पुरा भरला. "तुमचं नेट एकदम ओके आहे" असे सांगून तो गेला. चिरंजीवही रोज वेग मोजत. तोही पुरा. मग दोष माणसांच्या मनात शोधण्यावाचून दुसरे काय उरते?

हे सगळे मी कचारगडहून परतताना गाडीत विद्यार्थ्याला सांगितले. त्याने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, फोन तुटते ती वेळ कोणती?" मी म्हटले, "रात्री नऊ." "मग मी रात्री नऊलाच येतो," तो म्हणाला.

रविवारी तो आला. आधी त्याने घर पाहिले. राऊटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे; त्याच्या पलीकडे स्वयंपाकघर; त्याच्याही पलीकडे आईंची खोली. मग आपला मोबाईल काढून त्याने आम्हांला एक तक्ता दाखवला. आमच्या हॉलमध्ये उभे राहून चौदा घरांचे वाय-फाय दिसत होते! त्यांची नावे वाचून माझी करमणूक झाली. एकाने कुलदेवतेचे नाव दिले होते, एकाने नुसतेच 'पासवर्ड मागू नये', आणि वरच्या मजल्यावरच्या अत्यंत सोज्ज्वळ वकीलसाहेबांच्या वाय-फायचे नाव 'डॉन' होते. (त्यांच्याशी जिन्यात बोलताना मला अजून हसू आवरावे लागते.)

"हे सगळे एकाच पट्ट्यात बोलतात," विद्यार्थ्याने सांगितले. तो पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. त्यात आपल्याकडे तेरा खोल्या धरल्या आहेत, पण त्यांच्या भिंती एकमेकींत घुसलेल्या. एकमेकांना त्रास न देता बसायचे तर १, ६ आणि ११ या तीनच. आमच्या इमारतीतली बहुतेक घरे सहाव्या खोलीत कोंबून बसली होती, आम्हीही त्यातच. त्याने आम्हांला अकरावीत हलवले. "याने थोडा फरक पडेल. पण नऊ वाजताच तुटते, त्याचं कारण हे नाही. शेजारी काय नऊलाच बोलतात?"

मग संशयितांची तपासणी झाली. दारावरची बिनतारी घंटा निर्दोष सुटली. तिची लहर वेगळ्याच पट्ट्यातली. चिरंजीवांचे कानात घालायचे ब्लूटूथ यंत्र मात्र त्याच पट्ट्यातले निघाले. पण ते मोठे सभ्य. पट्ट्याचे ७९ बारीक भाग करून सेकंदाला १,६०० वेळा ते एकातून दुसऱ्यात उडी मारते, आणि जिथे गर्दी दिसेल ती जागा टाळते. अशा उड्या मारण्याच्या एका युक्तीचे पेटंट १९४२ साली कोणाला मिळाले होते, ठाऊक आहे? हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि जॉर्ज अँथाइल नावाचा संगीतकार, या दोघांना! पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून त्यांच्या उड्याही ८८.

या गप्पांत नऊ वाजले. आईंना आग्रह करकरून बसवले. भाऊजींचा चेहरा आला, नात आली, सारे स्वच्छ. विद्यार्थी आईंच्या दाराशी मोबाईल धरून उभा. पाहुणा असला तरी नित्याचे काम चुकत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, आणि दुसऱ्याच मिनिटाला आतून त्याची हाक आली, "मॅडम! तुम्ही आता काय लावलं?"

"काही नाही रे, आईंचं दूध तापायला ठेवलं."

"कशात?"

वाचकहो, दूध ओव्हनमध्ये होते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये. तो घरात आला त्याच दिवाळीत, शेताच्या वादाच्या चार दिवस आधी. त्याआधी मी दूध गॅसवर तापवीत असे. ओव्हन आल्यापासून नऊच्या ठोक्याला आईंचे दूध, त्यामागोमाग ह्यांच्या ताटातली भाजी, मग वरण, मग भात, असा दहा-बारा मिनिटे तो घुमत राही. ओव्हन 'टिंग' वाजून थांबला आणि आतून नातीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "आजी, दिसतेय का मी?" विद्यार्थ्याने मला पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा चेहरा थिजला. पुन्हा बंद, पुन्हा नातीची हाक. तिसऱ्या खेपेला दूध उतू जाऊन ओव्हनभर झाले, तेव्हा प्रयोग थांबवला.

नंतर मी नेहमीच्या सवयीने या विषयाची पाने चाळली, आणि जे समजले ते मोठे मौजेचे आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी येथे रेडिओलहरींच्या वाटणीसाठी निरनिराळ्या देशांची परिषद भरली. त्या वेळी हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांना मोकळा ठेवला गेला. म्हणजे जी यंत्रे बोलत नाहीत, लहरी नुसत्या तापवायला वापरतात, त्यांना. गावात गायरान असते ना, तसेच हे गायरान. पुढे १९८५ साली अमेरिकेने तिथे परवान्यावाचून, हलक्या आवाजात बोलायलाही मुभा दिली. १९९७ साली वाय-फायचे पहिले नियम ठरले. आपल्या देशात या पट्ट्याची परवान्याची अट २००५ साली सुटली. म्हणजे या गायरानात ओव्हन जुना वहिवाटदार आणि वाय-फाय मागून आलेले बिऱ्हाड. तक्रार कोणाची कोणाविरुद्ध करायची?

वाय-फायला बोलण्याची रीत शिकवलेली असते. आधी कान द्यायचा. दुसरे कोणी बोलत असेल तर थांबायचे. थोडा वेळ वाट पाहून मग आपले सांगायचे. ओव्हनला कानच नाहीत. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा हेलकावतो, आणि घरगुती ओव्हनमधला दिवा, ज्याला मॅग्नेट्रॉन म्हणतात, साधारणपणे प्रत्येक हेलकाव्याच्या अर्ध्या भागात पेटतो. म्हणजे सेकंदाला पन्नास आरोळ्या! त्यांच्यामध्ये जो क्षण रिकामा सापडेल त्यात वाय-फायने आपला शब्द घुसवायचा, तो अर्धवट तुटला की पहिल्यापासून सांगायचा. पत्र असले तर चार सेकंद उशिरा पोचले म्हणून बिघडत नाही. चेहरा आणि आवाज यांना थांबता येत नाही.

ओव्हनच्या भिंती धातूच्या असतात, दाराला बारीक जाळी असते, मग लहर बाहेर येते कशी, असे मीही विचारले. ओव्हनची शक्ती ७००-८०० वॅट, आणि राऊटरची वॅटच्या दहाव्या हिश्श्याएवढी. ओव्हनमधून दहा हजारांतला एक हिस्सा झिरपला, तरी तो राऊटरच्या बरोबरीला येतो. माणसाला त्याने अपाय होत नाही. धड असलेल्या ओव्हनमधून झिरपणारी लहर सुरक्षिततेच्या मर्यादेच्या आतच असते. तेव्हा उद्या उठून कोणी ओव्हन भंगारात देऊ नये. फक्त दार वाकडे झाले असेल तर दाखवून घ्यावे.

माझी ही फजिती मी भाऊजींना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही मोठ्या मंडळींच्या पंक्तीला बसलात!" नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. भाऊजी एकदा लेकीला घेऊन तिथे गेले होते, तेव्हा आत जाण्यापूर्वी सगळ्यांचे मोबाईल बंद करवले होते. आकाशातून येणारा आवाज इतका क्षीण असतो की खिशातला मोबाईलसुद्धा त्यापुढे गर्जना करतो. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला १९९८ पासून कधी कधी एक चमत्कारिक ठोका ऐकू येई. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे डोके खाजवले. २०१५ साली उलगडा झाला, की तिथली मंडळी ओव्हन थांबण्यापूर्वीच घाईने त्याचे दार उघडत होती! तिकडे वेल्समधल्या अबरहोसन गावात तर रोज सकाळी सात वाजता अख्ख्या गावाचे इंटरनेट जायचे, असे दीड वर्ष चालले. शेवटी २०२० साली माणसे पहाटे भर पावसात यंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरली, आणि एका घरातल्या जुन्या टीव्हीपाशी येऊन थांबली. तो सातला लागला की त्याच्यातून निघणाऱ्या विद्युत-गोंगाटाने गावाची ओळ बिघडे. टीव्हीवाल्याला बिचाऱ्याला इतके ओशाळे झाले की त्याने तो पुन्हा न लावण्याचे लगेच कबूल केले. मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार जवळीक वाटली.

दुरुस्तीचे सांगायचे तर, आमच्या राऊटरला ५ गिगाहर्ट्झचा दुसराही पट्टा होता. तिथे ओव्हनचा उपद्रव नाही. पण ती लहर भिंतींपुढे लवकर दमते. दोन भिंती ओलांडून आईंच्या खोलीत जाईपर्यंत तिच्यात जीव उरेना. शेवटी विद्यार्थ्याने सरळ एक तार काढली, भिंतीच्या कडेने खिळे मारत आईंच्या खोलीत नेली, आणि टॅबलेटला जोडून दिली. पैसे घेईना. "मॅडम, तुम्ही कचारगडला आलात," एवढेच म्हणाला. मी दूध गॅसवर तापवू लागले.

त्या रात्री पहिल्यांदा फोन पुरा अर्धा तास चालला. आई आधी जपून जपून बोलत होत्या, तुटेल म्हणून. मग नात झोपायला गेली, जाऊबाई आत गेल्या, आणि भाऊजी एकटेच समोर राहिले. मी दुधाचा पेला घेऊन दाराशी आले, तेव्हा आई म्हणत होत्या, "मला वाटलं, तू फोन कापतोस. शेताचा राग धरला असशील, असं वाटलं मला. तीन महिने तेच धरून बसले होते."

पडद्यावरचा चेहरा हलेना. तोंड अर्धवट उघडे, नजर एका जागी. माझ्या काळजात चर्र झाले. मी मागे वळून पाहिले, ओव्हन तर बंद होता. 'हे'ही उठून आले. "गेलं वाटतं पुन्हा," म्हणून त्यांनी तारेकडे हात नेला.

तेवढ्यात भाऊजींनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

आईंनी माझ्या हातातला पेला घेतला. "मी दूध पिऊन घेते रे," त्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "तोवर तू ठेवू नको हं."